व्हर्नाच्या नावाची भांडी

"ऑर्विल, अरे तुझी भांडी चुकून सेलमध्ये आली होती," डेलोरिस दारातूनच म्हणाली आणि तिनं काचेचं पसरट भांडं त्याच्या हातात ठेवलं. भांड्यात सफरचंदाचा केक होता, अजून कोमट.

सकाळपासून हे आठवं भांडं, आणि शेवटचं. ऑर्विल त्वेटनं गुरुवारी ही आठही भांडी चर्चच्या जुन्या सामानाच्या सेलला स्वतः नेऊन दिली होती. महिनाअखेर घर सोडून त्याला तळ्याजवळच्या दोन खोल्यांत जायचं होतं, आणि तिथल्या स्वयंपाकघरात एका माणसापुरतं कपाट होतं. सोफा गेला, गॅरेजमधली हत्यारं गेली. वारलेल्या बायकोचे, व्हर्नाचे, कोट त्याची लेक कार्ला येऊन घेऊन गेली. भांडी तेवढी त्यानं आपल्या हातानं बांधली होती.

घोळ झाला तो पट्टीमुळे. गावात प्रत्येक बाईच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि तिच्यावर नाव. चर्चच्या जेवणाला सगळ्यांची भांडी एकाच टेबलावर येतात, कुणाकडे मयत झालं की त्या घरी जेवण जातं, आणि मग ज्याचं भांडं त्याला पोचवायचं असतं. सेल लावणाऱ्या बायकांनी सवयीनं भांडी उलटी केली, 'व्हर्ना त्वेट' वाचलं आणि एकमेकींना म्हणाल्या, बिचाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची, म्हणून कुणी बटाटे-खिमा घालून आणलं, कुणी मॅकरोनी.

कार्लानं फोनवर त्याला झापलं होतं. पट्ट्या काढायला कितीसा वेळ लागतो, सोमवारी सामानाची गाडी येणार, आता हे कुठं ठेवणार? त्यानं हो हो म्हटलं, सिंकमध्ये गरम पाणी भरलं, एक भांडं त्यात पालथं घातलं आणि बोथट सुरी हातात धरून पाणी गार होईपर्यंत उभा राहिला.

डेलोरिसनं सिंक पाहिला. केक टेबलावर ठेवायला लावून ती बाह्या वर करू लागली. म्हणाली, तू बस, माझी नखं तुझ्यापेक्षा बरी आहेत.

"राहू दे," तो म्हणाला.

"अरे, नावासकट कोण घेईल? आपल्याकडं दुसरीच्या नावाचं भांडं कुणी फुकटसुद्धा नेणार नाही."

"भांडी देता आली मला. नाव खरवडता येत नाही."

डेलोरिसनं पाण्यातलं भांडं काढून पुसलं. पट्टीचा एक कोपरा सुटला होता. तो तिनं अंगठ्यानं दाबून बसवला.

"तूच ने," ऑर्विल म्हणाला. "आहे तसं. आणि परत आणू नकोस."

"माझ्याकडं अठरा आहेत. मी गेल्यावर माझी लेक मला शिव्या घालेल." मग भांडं काखेत घेत म्हणाली, "बरं. पिशवी दे एखादी."

दुपारी त्यानं बाकीच्या सातांतलं जेवण डब्यांत काढलं, भांडी धुतली आणि ट्रकमधून सात घरी नेली. प्रत्येक दारात तेच सांगितलं, की हे तुमच्याकडं राहू दे, माझ्याकडं जागा नाही. कुणी वाद घातला, कुणी उगाच हवापाण्याचं बोललं. पण भांडं कुणी नाकारलं नाही.

जूनमधल्या दुसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरातल्या सभागृहात जेवण होतं. तोवर ऑर्विल दोन खोल्यांत राहायला गेला होता. कागदी ताटली घेऊन तो रांगेत लागला. लांब टेबलावर वीस-पंचवीस काचेची भांडी मांडली होती, सगळी सारखीच दिसणारी. त्यांतली व्हर्नाची कुठली, ते उलटी करून बघायची सोय नव्हती. सगळी भरलेली होती.

ऑर्विलनं प्रत्येकातलं चमचाभर घेतलं. मागचा माणूस म्हणाला, "अरे, दोन दिवस उपाशी होतास का?" पुढं सरकता सरकता ताटलीचा कागद वाकू लागला, तेव्हा त्यानं तिला खालून दुसरा हात लावला.