बाळंतिणीच्या वॉर्डातली खाट

दोर सोडल्याशिवाय बाईला गाडीत घेणार नाही, असं कंडक्टर म्हणाला. आणि दोर सोडला तर आपण बरोबर येणार नाही, असं लालासाहेब म्हणाला. दहिवडीच्या स्टँडवर माणसं गोळा झाली होती. भामाबाईनं पदराखालचं तान्हं पोर लालासाहेबाच्या हातात दिलं आणि थोरल्या सुनेच्या, बनूच्या मनगटावरची गाठ दातानं ओढून सोडवली. मग पोर परत घेतलं, बनूला पुढं घातलं आणि गाडीत चढली. धाकटा लेक लालासाहेब खालीच राहिला.

बनूची झोप उडाली होती. बाळंत झाल्यावर थोडे दिवस ती बरी होती, मग तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. घरातून अंगणात, अंगणातून घरात. चूल पेटवायची, विझवायची, पुन्हा पेटवायची. हे पोर माझं नव्हे, माझं कुणीतरी नेलं आणि हे आणून ठेवलं, म्हणायची. देवऋषी झाला. त्यानं लिंबाच्या फोकानं तिची पाठ सोलली. तिचा नवरा जोतीराम मुंबईला गोदीत होता. तार करूनही तो आला नव्हता. त्यातच ती पोर घेऊन विहिरीकडे निघाली. भामाबाईनं तिला काठावर गाठलं. तेव्हापासून लालासाहेबानं तिला बांधून ठेवली होती.

पोराला टोचायला आलेल्या नर्सनं तो दोर पाहिला. बाळंतपणानंतर एखादीला असं होतं, औषधानं बरं वाटतं, साताऱ्याला न्या, असं ती सांगून गेली. तेवढ्या बोलण्यावर भामाबाई निघाली होती.

गाडीत बनू सारखी उठायची. खाली उतरू द्या म्हणायची, खिडकीचे गज धरून हलवायची. शेजारच्या बायका मागच्या बाकांवर जाऊन बसल्या. भामाबाईनं एका हातानं पोर धरलं, दुसऱ्या हातानं सुनेचा पदर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि सातारा येईपर्यंत तो सोडला नाही.

दवाखान्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरून ती शेवटी एका तरुण डॉक्टरासमोर उभी राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण इथं अशा रोग्यांची सोय नाही म्हणाला. पुण्याला न्यावं लागेल. त्याला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, पोलीस बरोबर लागतात, आणि पोराला तिथं ठेवून घेत नाहीत.

"पोलीस कशाला? तिनं काय चोरी केलीया?"

"कायदाच तसा आहे, आजी. वेड्यांच्या इस्पितळात असंच पाठवावं लागतं."

"येडी न्हाई ती," भामाबाई म्हणाली. "बाळंतीण हाय. अंगात ताप असता तर बाळंतिणीच्या वॉर्डात घेतलीच असती न्हवं? हिचा ताप डोस्क्यात गेलाय म्हना."

त्या वॉर्डात दुसऱ्या बाया आहेत, त्यांची पोरं आहेत, काही झालं तर जबाबदार कोण, असं डॉक्टरानं विचारलं.

"मी हाय की. तिच्या खाटंखाली बसतो. ती हालली की मी हालंन."

बाहेर बनू व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. प्रमोदिनी नावाची सिस्टर तिला न अडवता तिच्या बरोबरीनं चालत होती आणि चालता चालता कधी जेवलीस ते विचारत होती. डॉक्टर दारातून ते बघत राहिला. मग त्यानं सांगलीच्या आपल्या जुन्या सरांना ट्रंक कॉल लावला. फोन लागायला फार वेळ गेला. तोवर भामाबाई उठबस करत राहिली, कारण बनू एकदा फाटकापर्यंत जाऊन आली होती.

फोन झाल्यावर त्यानं बाळंतिणीच्या वॉर्डात, भिंतीकडची खाट दिली. औषध चालू आहे तोवर पोर अंगावर पाजायचं नाही आणि तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, एवढं बजावलं.

इंजेक्शन दिल्यावर बनू झोपली. शेजारच्या बाईनं आपली खाट हलवून मागितली. भामाबाई खाली फरशीवर बसून पोराला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत राहिली. बनूला पान्हा दाटून आला तेव्हा सिस्टरनं तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलं. झोपेतही ती कण्हत होती.

बरं वाटायला बरेच आठवडे गेले. मधेच ती पुन्हा बिथरली, पुन्हा शांत झाली. एका सकाळी तिनं सासूला विचारलं, "आत्या, पोर कुठाय माझं?" भामाबाईनं ते तिच्यासमोर धरलं. बनूनं त्याचा पाय चाचपला, पण घ्यायला हात पुढं केले नाहीत.

लालासाहेब न्यायला आला तेव्हा बनूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तो गाठोडं उचलून पुढं चालू लागला.

घरी आल्यावर पोर बनूकडे राहीना. तिनं घेतलं की अंग ताठ करायचं आणि भामाबाईचा आवाज येईल तिकडं मान वळवून रडायचं. दूध तर आटूनच गेलं होतं. बनू त्याला मुकाट्यानं सासूच्या मांडीवर ठेवायची आणि भांडी घासायला बसायची.

एका दुपारी भामाबाईनं शेळीच्या दुधाची वाटी आणि बोळा बनूसमोर ठेवला, पोर तिच्याजवळ दिलं आणि बाहेर जाऊन मागच्या बांधावर बसली. पोरानं आकांत मांडला. भामाबाई उठली, पुन्हा बसली, वाळलं गवत उपटू लागली. लालासाहेब येऊन म्हणाला, पोर रडून निळं व्हायला लागलंय, घे की जरा.

"त्येची आई हाय त्येच्याजवळ," भामाबाई म्हणाली.

आतून बनूचा घोगरा आवाज येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती, अडत होती, पुन्हा सुरू करत होती. पोर रडतच होतं. भामाबाईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती घराकडे पाठ करून बसून राहिली.