साडेतीन तास मागे

मी एक जुना सेल आहे. नाण्याएवढा, दोन बारीक तारांच्या शेपटीचा. सारा जन्म एका लॅपटॉपच्या पोटात गेला. मोठी बॅटरी संपो, वायर निघो, कोणती डिस्क आधी उघडायची नि किती वाजले, हे विसरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. मित्रांनो, माझं कौतुक कुणी केलं नाही. मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप बाबांचा. त्यावर ते भरतकामाच्या यंत्रासाठी नक्षी काढत. एकदा परदेशी राहणारी लेक सुट्टीत आली नि हसली, "बाबा, तुमचं घड्याळ साडेतीन तास मागे आहे!"

"मागे कसलं? तुझ्या गावचं आहे ते. बघूनच फोन करतो. झोपमोड झाली की फाडून खातेस!"

ते घड्याळ मी सांभाळलं. मग बाबा गेले. लॅपटॉप कपाटात पडून राहिला नि माझ्यातला जीव आटत चालला. परवा लेकीने तो सुरू केला, तर पडद्यावर इशारा आला: आतला सेल संपत आलाय.

दुरुस्तीच्या दुकानापर्यंत मी कसाबसा तग धरला. दुकानदारकाकांनी वायर लावून पाहिली आणि लगेच काढायला हात घातला. "आधी वीज तोडायची, मग झाकण उघडायचं. नियमच आहे आमचा."

"मग सेल काढताच आतली वेळ पुसली जाईल ना?"

"जाऊ दे की! घड्याळ नाहीतरी चुकलंय."

"चुकलेलं नाही, काका. वडिलांनी लावलंय."

"मग परत तेवढंच मागे लावून देतो."

"पण ते तुम्ही लावलेलं असेल."

काकांचा हात थांबला. "लॅपटॉप बंद करून वायर तशीच ठेवतो," ते म्हणाले. "पण आत कुठे काही टेकलं, तर सगळंच जळेल. चालेल?"

तिने होकारार्थी मान हलवली.

प्लॅस्टिकच्या चिमट्याने माझी शेपटी सुटली. नव्या सेलची लागली. काकांनी श्वास रोखून बटण दाबलं. बाहेर साडेदहाचं ऊन होतं. पडद्यावर सकाळचे सात.

सात ही बाबांची फोनची वेळ. तिने पर्समधला फोन काढून हातात धरला. तो वाजणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

मी आता वापरलेल्या सेलांच्या डब्यात आहे. मित्रांनो, कपाटातल्या जुन्या यंत्राला अधूनमधून वायर लावत जा. आत कुणीतरी तुमची वेळ सांभाळत असतो आणि संपत आला, तरी हाक मारत नाही.