पुढची शेपटी

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पाच दिवस मी चामोर्शीच्या मोटार स्टँडवर येरझारा घालून राह्यलो होतो. माझं फोटोचं दुकान उघडंच टाकून. नागपूरचा पेपर मोटारीनं येते, अन् त्यात माझा फोटो येणार होता, शेपटीच्या ताऱ्याचा.

फोटो माझा, पण जीव अडकला होता सुगंधाबाईचा. दिवस बुडल्यावर तलावाच्या पाळीवर उभी राहून ती म्हणाली होती, "याले पुढूनबी बारीक शेपटी आहे." सारे हसले. तिचा पोरगा बाबुलाल म्हणे, "आईचे डोळे गेले. आता जाळं घेऊन पाण्यात उतरायचं नाई." चाळीस वर्षं मासोळ्या धरणारी बाई ती. घरी बसवली तर झुरून मरंल, हे मले दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर कॅमेरा लावला. फोटो धुतला, तर पुढं सुईसारखी रेघ. बाईचं खरं होतं. बाबुलाल म्हणे, "पेपरात छापून आलं तर मानीन." म्हणून धाडला.

सहाव्या दिवशी पेपर आला. फोटो होता, खाली माझं नावबी होतं. पुढची शेपटी तेवढी नव्हती.

त्याच मोटारीच्या टपालानं माझा फोटो परत आला. रेघेवर काळा रंग फासलेला, अन् मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'पुढचा डाग काढला आहे.' डाग म्हणे. आग लागो त्यांच्या ब्रशाले. एकानं तरी मान वर करून आभाळ पाह्यलं होतं काय?

तसाच बाबुलालच्या घरी गेलो. पेपर त्यानं आधीच पाह्यला होता. आईचं जाळं तो आढ्याले बांधून राह्यला होता. त्याच्यासमोर मी ओल्या बोटानं रंग पुसला. रेघ उघडी पडली.

तो आवाज न चढवता म्हणाला, "केवळरामभाऊ, लग्नाच्या फोटोत माझ्या पोरीच्या, गोकुळाच्या तोंडावरचे देवीचे वण तुम्हीच पुसले ना? मंग एक रेघ ओढाले तुम्हाले किती वेळ?"

वण मीच पुसले होते, अन् गावभर मिरवलंबी होतं.

सुगंधाबाईनं फोटो घेतला, हात लांब करून पाह्यला, अन् नेमकं रेघेवर बोट ठेवलं. "हेच पाह्यलं मी. तुले दिसते ना?"

"दिसते, बाई."

"मंग सांग ना त्याले."

"सांगतलं," मी म्हटलं. बाबुलाल जाळ्याले दुसरी गाठ मारून राह्यला होता.