नाल्याचा नमुना

दर सोमवारी कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये द्यायचं, एवढंच माझं काम. ऑफिसात मला बाटलीमास्तर म्हणतात. सुरुवातीला मी इमानेइतबारे नाल्यात उतरलो. पाणी नापास झालं आणि साहेब असे तापले, जणू नाला मीच घाण केला होता. "नमुना नीट आण," म्हणून आठवडाभर मला पिटाळलं. मग मी शहाणा झालो आणि बाटली ऑफिसच्या कूलरवर भरायला लागलो. तेव्हापासून सहा वर्षं नाला पास होतोय. साहेबांना बढतीही मिळाली.

कूलरचं पाणी चोख, याबद्दल मला शंकाच नव्हती. घरच्या नळाला गढूळ येतं, म्हणून रोज संध्याकाळी लेकीसाठी दोन बाटल्या मी तिथूनच न्यायचो.

आधीचे लॅबवाले बाटली उजेडात धरून सही ठोकायचे. नव्या मॅडमना मात्र कामाची भारी हौस. त्यांनी नमुना आठ दिवस ठेवून तपासला आणि धावतच साहेबांच्या खोलीत आल्या. मी तिथेच होतो.

"सर, नवा जिवाणू सापडलाय! तेल, रंग, रसायनं, काहीही खातो. भयंकर घाणीतच जगतो, चांगल्या पाण्यात तगतच नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण जिवाणूला त्यांचं नाव देता येईल असं मॅडम म्हणाल्या, तसा हात खाली आला आणि सगळ्यांना चहा सांगितला गेला.

तो नमुनाही मी कूलरवरच भरला होता. लेकीचं पोट दोन महिने बिघडलेलं होतं. डॉक्टर बदलून झाले, औषधं बदलून झाली. पाणी तेवढं बदललं नव्हतं.

मॅडम गेल्यावर मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे आपली विकतची बाटली उघडली, दोन घोट घेतले.

"लेबलावर नाला लिहिलंय ना? मग तो नाल्यातलाच."

"पण साहेब, सगळं ऑफिस ते पाणी पितं. निदान कूलर तरी धुऊन घेऊ."

"खबरदार हात लावलास तर! पुन्हा नमुना मागितला तर आणणार कुठून? माझ्या नावाचा जीव आहे तो."

मी अर्धी रजा टाकून घरी पळालो. स्वयंपाकघरात बायको लेकीसाठी त्याच बाटलीतून पेला भरत होती. मी तो हिसकावला आणि बेसिनमध्ये ओतला. लेकीने भोकाड पसरलं.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?"

"ते पाणी घाण आहे. पाजू नकोस तिला."

"काहीतरीच! शेजारणीच्या बाळालासुद्धा मी रोज देते यातलं. पाणी तपासायचं काम तुमचंच ना? मग सहा वर्षांत एकदा तरी नापास झालंय का?"

एकदाही झालं नव्हतं.