धोका टळेपर्यंत

पंचवीस हिरव्या टोप्या, नव्या कोऱ्या. गुलाबाच्या कुंड्या. शिट्टी. वर झालेला एकच हात. लोखंडावर गोडेतेल.

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे, गावच्या पाण्याच्या व्हॉल्व्हची. कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ. श्रीरामपूरच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. ज्या आळीच्या व्हॉल्व्हवर मला फिरवतील, त्या आळीला पाणी.

बारा वर्षे मी सरपंच भागवतरावांच्या ओसरीवर होते. त्यांच्या कुंड्या रोज न्हायच्या. खालच्या आळीला आठवड्यातून एकदा पाणी. गेल्या वर्षी एप्रिलात ऊसतोडीहून परतलेल्या लंकाबाई दीडशे बायका घेऊन ओसरीवर चढल्या.

"भागवतराव, तुमच्या गुलाबाला रोज आंघोळ, अन् आमच्या लेकरांनी तोंडं थुकीनं धुवायची व्हय?"

बायका हसल्या. सरपंचही हसले, तेवढ्यात मला उचललं गेलं. इतके हात मला कधीच लागले नव्हते. त्या दिवशी सगळ्या आळ्यांना सारखं पाणी सुटलं.

पण सरपंचाची माणसं परत येतील, ही धास्ती होती. ग्रामसभेत ठराव झाला: धोका टळेपर्यंत चावी निवृत्त सुभेदार रामहरी यांच्याकडे राहील. सगळे हात वर. धोका टळला हे कोणी सांगायचं, तेवढं लिहायचं राहून गेलं.

सुभेदारांनी पहाऱ्याला गडी निवडले, टोप्या दिल्या. मग शिट्टी वाजली की रांग. मग रांगेत बोलायचं नाही. पाणी वेळेवर येई, हेही खरं. मला रोज गोडेतेल मिळू लागलं. असा मान मला कोणी दिला नव्हता.

भागवतराव गाव सोडून लेकाकडे पुण्याला गेले. धोका मात्र गेला नाही.

यंदा एक मेच्या ग्रामसभेत लंकाबाई उठल्या. "सुभेदार, म्हातारा गेला. आता धोका कुनाचा हाय?"

"ते कळायला पलटणीत चोवीस वर्षं काढावी लागत्यात, वहिनी."

"मंग चावी सभेला द्या. ज्याला पटतंय त्यानं हात वर करा."

भिंतीला लागून टोपीवाले उभे होते. हात एकच वर झाला, लंकाबाईंचाच. शेजारणी पदराचं टोक न्याहाळत बसल्या.

"एक," सुभेदार म्हणाले. "खाली घ्या वहिनी, दुखंल."

त्याच दुपारी त्यांनी मला खालच्या आळीच्या व्हॉल्व्हवर बसवलं आणि बंदच्या बाजूला फिरवलं. मी फिरले. आज नववा दिवस. आळी सुभेदारांवर चिडलेली नाही.

"तुझ्या एका हातानं आमचं नळ वाळलं, लंके," शेजारणी म्हणतात. लंकाबाई रिकामी घागर घेऊन दोन कोस चालतात, एकट्याच.

मित्रांनो, चावीला नाही म्हणता येत नाही. ज्याची मूठ, त्याची मी. म्हणून विनंती करते: मला कोणाच्या हाती द्याल, तेव्हा परत घ्यायची तारीख आधी लिहा. माणूस चांगला असेल तर नक्कीच लिहा.

ठरावाच्या दिवशी सुभेदारांनी मला घ्यायला दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा लंकाबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं.