तीन तुकड्यांवरचं नाव

मी माशी बोलतेय. उडणारी नव्हे. रायफलच्या नळीच्या टोकावर बसून नेम दाखवणारी. तांदळाच्या दाण्याएवढा माझा जीव, पण एका भल्या माणसाला मी मान खाली घालायला लावली आहे.

माझी रायफल पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या थोरल्या योस्टांची. चाळीस वर्षं त्यांनी माझ्यावरून नेम धरला आणि मी त्यांना एकदाही फसवलं नाही. ते गेल्यावर रायफल त्यांच्या मुलाकडे, क्लेटनकडे आली. क्लेटन लाकडाच्या गिरणीत कामाला, अंगानं बुटका. लांब नळी झुडपांत अडकायची. त्याचा मेहुणा मेरल बंदुका दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आणा इकडे दाजी, सहा इंच उडवून देतो."

मेरलनं नळी छान कापली, टोक घासून गुळगुळीत केलं. पण नवी माशी शोधायचा कंटाळा केला आणि नव्या बैठकीवर मलाच झाळून बसवलं. नळी टोकाला बारीक, मागे जाड असते. त्या जाड नळीवर बैठक, बैठकीवर मी. एका दिवसात मी उंच झाले आणि खरं सांगते, मला ते आवडलं. माशी उंच झाली की गोळी खाली जाते, हे मला ठाऊक होतं.

"दोन गोळ्या झाडून बघू या का?" क्लेटननं विचारलं.

"का? माझ्या कामावर भरवसा नाही वाटतं?"

बायकोच्या भावाला कशाला दुखवा, म्हणून क्लेटननं रायफल गुमान खांद्याला अडकवली.

हरणांच्या मोसमात ही सगळी मंडळी रानातल्या लाकडी खोपटात राहतात. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं, ही तिथली रीत. कात्री मेरलकडे असते.

पहिल्याच वर्षी क्लेटनची गोळी हरणाच्या पोटाखालून गेली.

"दाजी, पाठ इकडे करा!" मेरल कात्री घेऊन ओरडला. "तुमचा म्हातारा एका गोळीत पाडायचा. तुम्ही काय हरणाला गुदगुल्या करायला गेला होता?"

सगळे हसले, क्लेटनही हसला. 'क्लेटन योस्ट, १९५२' भिंतीवर लागलं. दुसऱ्या वर्षीही गोळी खालूनच गेली, तेव्हाही तो हसला. तिसऱ्या वर्षी नाही हसला. घरी त्याची बायको व्हर्ना कापलेल्या शर्टाला टीप घालत बसली. ते बघणं त्याला भिंतीवरच्या नावापेक्षा जास्त लागलं. मी खुंटीवरून सगळं बघत होते. लाज वाटत होती, पण मला तोंड कुठे आहे?

चौथ्या वर्षी त्यानं रायफल मेरलच्या दुकानात आणून ठेवली. "विकून टाक. बाबांच्या हत्याराला माझ्यापायी बट्टा नको."

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मेरलनं फळीवर कागद लावून पाच गोळ्या झाडल्या. पाचही एकमेकींना चिकटून, खुणेच्या वीतभर खाली. त्यानं कागदावर वीत लावून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग कानस घेतली. थोडं मला घासायचं, एक गोळी झाडायची, पुन्हा घासायचं. मला दुखलं नाही, उलट हलकं वाटलं. वाटलं, आता हा सांगेल.

त्यानं नाही सांगितलं. रायफल परत नेऊन दिली. "गिऱ्हाईक काही मिळालं नाही. यंदा एकदा चला दाजी, माझ्यासाठी."

मोसम सुरू झाला त्या सोमवारी क्लेटननं ओढ्यापलीकडचा मोठा नर एका गोळीत पाडला. जेवताना तो उभा राहिला. डोळे भरले होते. "हात माझाच कच्चा होता. पण मेरलनं माझी साथ सोडली नाही." सगळ्यांनी टेबल बडवलं. मेरल खाली मान घालून बटाट्यांत काटा फिरवत बसला.

आता मी खरं तेच दाखवते. पण ते तीन तुकडे अजून भिंतीवर आहेत, आणि नव्या माणसाला क्लेटन स्वतःच ते दाखवतो. "तेव्हा मला नेम धरता येत नव्हता," म्हणतो. दर वेळी मला नळीत शिरून लपावंसं वाटतं.

माझ्या अंगावर शर्ट असता तर मीच कात्रीपुढे पाठ केली असती. मेरल, तुझ्या अंगावर आहे. आणि कात्रीही तुझ्याचकडे असते.