मोटरवाल्यांची नवरी

हरेशदादाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला जेसीबी बोलवावा लागतो. या वेळी मोटर शिरली होती.

वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात आम्हाला मोटरवाले म्हणतात. तशी आमची केळीची वाडी आहे, दोन स्कूटर आहेत आणि माझा एक टेम्पो आहे, जो फक्त उतारावर खुशीत चालतो. पण नव्वद वर्षांपूर्वी आमच्या आजाने नवरी मोटरीतून आणली, म्हणून आम्ही मोटरवाले. पुरावा ओटीवर टांगलेला आहे. काळ्या फ्रेममधला फोटो, आजा स्टेअरिंग धरून काठीसारखा ताठ, शेजारी आजी. तिची मान खाली, डोक्यावर पदर, तोंडावर हात. मोटरीची दारं दिसतात, मागचं चाक दिसतं, पुढचा भाग मात्र फोटोत नाहीच.

घराण्याची सगळी अब्रू त्या हातावर उभी होती. मोटरवाल्यांची नवरी घरात येवो की सासरी जावो, तोंडावर हात ठेवून मान खाली घालणार आणि तसाच तिचा फोटो निघणार. हंसावहिनीचा, म्हणजे हरेशदादाच्या बायकोचा, तसा फोटो आहे. माझ्या बायकोचा, संपदाचाही आहे. संपदाने नाही म्हटलं तेव्हा आत्याने तिचा हात उचलून तिच्या तोंडावर दाबला होता. तो फोटो बघून पाहुणे अजून विचारतात, दाढ दुखत होती का? शिवाय प्रत्येक लग्नात पहिलं कुंकू आजीला, म्हणजे फ्रेमच्या काचेला. इतकी वर्षं कुंकू लावून लावून काचेवर असा थर बसला होता की आजीचा चेहरा आम्ही कुणी धड पाहिलाच नव्हता.

आमचे बाबा, जयराम, शहाऐंशीचे. त्यांची आई, म्हणजे ही आजी, गेली तेव्हा ते दोन वर्षांचे होते, आणि तिचा हा एवढाच फोटो. एरवी बाबा म्हणजे टवाळखोरांचे सरदार, पण त्या फोटोखाली बसले की गप्प.

"माजी आय रडत होती रं," ते मला एकदा म्हणाले होते. "माहेर सोडताना येवढी रडली, आनि इथं येऊन किती दिवस जगली? हसली कवा आसंल ती?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं होतं.

तर हरेशदादाची रोशनी लग्नाची झाली. तिचं सासर विरारला, चौदाव्या मजल्यावर. दादाने जाहीर केलं, "माझी पोरगी त्याच गाडीतून जाणार. आजोबांची रोल्स रॉईस होती."

"कशावरून?" मी विचारलं.

"दाराच्या कडीवरून कळतं."

दादाला स्वतःच्या घराची कडी लावायची आठवण राहत नाही, पण असो. बाबा एवढंच म्हणाले, "आना मोटर. पन पोरगी तिच्यात रडाय नको."

जवळच्या नंदाखाल गावचे आलोशियस अंकल जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांच्याकडे एक जुनी मोटर आहे, ती ते हौसेने लग्नांना देतात. आम्ही त्यांना ओटीवर आणून फोटोसमोर उभं केलं. त्यांनी चष्मा पुसला, काच पुसायला हात नेला, तोच वहिनी ओरडली, "कुंकू!" त्यांनी हात मागे घेतला.

"हरेशभाऊ, गाडीचं नाक दाखवा. नुसता खांदा बघून माणूस कसा ओळखू?"

"नाक नाहीच फोटोत."

अंकलनी फ्रेम कडेने न्याहाळली. "फोटो फ्रेमपेक्षा मोठा दिसतो. दुमडून घातलाय कुणीतरी. उघडू?"

घरात एकच कल्ला झाला. वहिनी म्हणाली अपशकुन, दादा म्हणाला लग्नानंतर बघू. तेवढ्यात रोशनीने सरळ फ्रेम उतरवली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. "आजा, तुम्ही सांगा."

बाबांनी फ्रेमवरून हात फिरवला. "उघड गो बाय."

मागचा पुठ्ठा निघाला. फोटोचा डावा भाग खरंच मागे दुमडलेला होता. अंकलनी तो हलक्या हाताने उलगडला आणि मोटरीचं नाक बाहेर आलं. दोन गोल दिवे, मधे जाळी.

"फोर्ड! मॉडेल ए!" अंकल टाळ्या पिटत म्हणाले. "माझ्या गाडीची सख्खी बहीण!"

दादाचा चेहरा पडला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? मोटरीच्या नाकापुढे दोर होता आणि दोराच्या पुढे दोन बैल होते. धष्टपुष्ट, शिंगांना गोंडे. मोटरीची पुढची चाकं चिखलात रुतलेली. एक धोतरवाला बैलाची शेपटी पिरगाळत बोंबलत होता, दुसरा चिखलात बसकण मारून बसला होता. आणि मागे आमचा आजा, मिशीला पीळ देऊन, जणू मोटर तोच हाकतोय!

आधी वहिनी खो खो हसत सुटली. मग मी. अंकल तर खांब धरून हसत होते. अब्रूदार आजानेच बैल दुमडून फ्रेममागे घातले असणार, दुसरं कोण?

"थांबा," रोशनी म्हणाली. तिने मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा केला. "पणजीचे डोळे बघा."

काचेविना, कुंकवाविना आजी पहिल्यांदाच दिसत होती. मान खाली होती, पण डोळे तिरपे, थेट त्या चिखलात बसलेल्या माणसावर. बोटांच्या वर गाल टम्म फुगलेला. हसू दाबता दाबता बाईचा जीव चालला होता!

"म्हणजे मी तीस वर्षं याला लाज समजले..." वहिनी स्वतःच्या लग्नातल्या फोटोकडे बघत म्हणाली.

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हसतेय," ते म्हणाले. "माजी आय हसतेय रं." आणि म्हातारा हसता हसता घळाघळा रडायला लागला. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या दिवशी अंकलची फोर्ड आली. नवरी ओटीवरूनच बसली पाहिजे म्हणून दादाने "येऊ द्या, येऊ द्या" करत ती वाडीत मागे घ्यायला लावली आणि तिचं मागचं चाक केळीच्या पाटात घातलं. रोशनी आत बसली, नवरा शेजारी, आणि गाडी जागची हलेना. बैल आता कुठले! शेवटी माझा टेम्पो जोडला. दोर ताणला, टेम्पोने धुराचा लोट सोडला, दादा चिखलात पाय घसरून पडला, तोही नव्या सफारी सूटमध्ये, आणि तिथूनच ओरडला, "येऊ द्या, येऊ द्या!"

फोटोग्राफर धावत पुढे आला. सकाळपासून डोळे पुसत असलेल्या रोशनीने मान खाली घातली आणि तोंडावर हात दाबला. तिचे खांदे गदगदत होते आणि डोळे तिरपे, थेट चिखलातल्या दादावर होते.

"हात काढ!" ओटीवरून बाबा काठी आपटत ओरडले. "हात काढ गो बाय! आमाला बघू दे!"

तिने हात काढला.